साप पाळायचा छंद परत कसा उभा राहील? बॉल पायथन आणि कॉर्न स्नेकवाल्यांना प्रश्न

टिनलीकर

नमस्कार मंडळी. मी शिकागोच्या दक्षिणेला राहतो, मूळचा साताऱ्याचा. २०११ पासून बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) पाळतोय आणि २०१५ पासून घरच्या घरी थोडं ब्रीडिंग करतो, म्हणजे वर्षाला बॉलच्या चार-पाच माद्या आणि कॉर्नच्या दोन, त्यापुढे कधी गेलो नाही. नोकरी वेगळी आहे, यावर घर चालत नाही, सापांनी सापांचा खर्च काढावा एवढीच अपेक्षा होती आणि ती गेली दोन-तीन वर्षं पुरी होत नाहीये.

२०२०-२१ ला लॉकडाउनमध्ये लोक घरी बसलेले, पिल्लांनी पहिली कात टाकून तीन-चार वेळा खाल्लं की गिऱ्हाईक तयार. तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी बेसमेंटमध्ये रॅकवर रॅक (साप ठेवायचे ड्रॉवरसारखे टब) चढवले. बॉलची मादी दीड किलोची व्हायला तीन वर्षं तरी लागतात, त्यामुळे तेव्हा घेतलेल्या माद्या सगळ्या २०२३ च्या आसपास एकदमच अंडी घालायला लागल्या आणि नेमकं तोवर लोक ऑफिसला परत गेले, भाडी वाढली, फ्रोझन उंदरांचे भाव चढले. मार्चमध्ये टिनली पार्कच्या शोला, म्हणजे सापांच्या प्रदर्शन-विक्रीला, टेबल लावलं होतं, दोन दिवसांत २२ पिल्लांतली ६ गेली. रविवारी दुपारी शेजारच्या टेबलावर पेस्टल नावाच्या रंगाची बॉलची पिल्लं ३० डॉलरला. एक पिल्लू अंड्यातून काढून चार महिने खाऊ घालायला मलाच त्याहून जास्त पडतात. आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये काय बघतो, तर टेबलवालेच एकमेकांशी डबे बदलतायत, बाहेरचा माणूस कुठे नाहीच.

पण दुसरी गोष्ट पण सांगतो. गेल्या सप्टेंबरात इथल्या मराठी शाळेत मुलांना दाखवायला एक अख्खी कात आणि आमची नऊ वर्षांची कॉर्न मादी घेऊन गेलो होतो. पंचवीसेक मुलं, दोघं-तिघं सोडले तर सगळ्यांनी हात लावला. एका मुलाच्या आजी नातवाला सोडायला आल्या होत्या त्या आधी दारातच थांबल्या, मग हळूहळू जवळ आल्या आणि शेवटी मांडीवर घेऊन बसल्या, म्हणाल्या अगं बाई ही तर कोरडी आहे, मला वाटायचं साप बुळबुळीत असतो. म्हणजे लोकांची ओढ गेलेली नाही ना? मग ती आमच्या टेबलापर्यंत का पोचत नाही?

तर प्रश्न असे की भाव पाडू का धरून ठेवू, ब्रीडिंग एक-दोन वर्षं बंदच ठेवू का, आणि नवीन माणूस या छंदात आणायला तुमच्याकडे प्रत्यक्षात कशाचा उपयोग झाला. पुस्तकी नको, केलेलं सांगा. भारतातल्यांचंही मत वाचायला आवडेल.

हॅम्बर्गवाले_काका

टिनलीकर, मी पेनसिल्वेनियात, १९९६ पासून यात आहे, हॅम्बर्गच्या शोला दरवेळी असतो. जरा लांबण लागेल पण सांगतो कारण तुमचा प्रश्न भावाचा नाहीये.

बॉल पायथनचं वेड कसं चढलं ते बघा. १९९२ ला अल्बिनो मॉर्फ (मॉर्फ म्हणजे रंग-नक्षीचा आनुवंशिक प्रकार) पहिल्यांदा घरात ब्रीड होऊन सिद्ध झाला, १९९७ ला पायबाल्ड, १९९९ ला स्पायडर. त्याआधी बॉल म्हणजे घाना, टोगो, बेनिनहून पोत्यांत भरून येणारा स्वस्त साप, निम्मे तर इथे आल्यावर खायचेच नाहीत. मॉर्फ आले आणि तोच साप दहा-दहा हजार डॉलरच्या घरात गेला, पायबाल्ड तर त्याच्याही कितीतरी वर. मी स्वतः लोकांना घरावर कर्ज काढून नर घेताना पाहिलंय. आणि तेव्हा ते चुकीचंही वाटत नव्हतं कारण पिल्लं खरंच त्या भावाने जात होती. पण घेणारा कोण होता? पुढचा ब्रीडर.

आता हिशोब करा. एक पेस्टल नर पाच माद्यांना लावला, मादीमागे सहा अंडी धरली तर ३० पिल्लं, त्यातली अर्धी पेस्टल म्हणजे १५, त्यातले सात-आठ नर, आणि नराला दीड वर्षात मादी लावता येते. प्रत्येक गिऱ्हाईक दोन वर्षांनी तुमचा प्रतिस्पर्धी. आपल्याकडे इमूचं झालं ना तसंच, आठवतंय का, शेतकऱ्यांनी इमू घेतले, अंडी आणि पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला विकली, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि एक दिवस कळलं की इमू खाणारा माणूस या साखळीत कुठे नाहीच. २०१२ च्या सुमाराला सगळं बसलं आणि लोकांनी पक्षी मोकळे सोडले. माझ्या आतेभावाने नगरजवळ शेड बांधली होती, अजून तिथे कडबा ठेवतात.

बॉल पायथनला इमूपेक्षा एक मोठी गोष्ट आहे ती म्हणजे त्याला खरोखर हौसेने पाळणारा माणूस आहे. पण त्या माणसाला एकच साप हवा असतो आणि तो साप २०-३० वर्षं जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० ला किमान ६२ वर्षांच्या बॉल पायथनने ७ अंडी घातली, ती पण कित्येक वर्षं नराशिवाय. म्हणजे आज एक साप विकला की त्या घरात पुढची वीस वर्षं दुसरा जाईलच असं नाही. मग सांगा वर्षाला हजारो ब्रीडर मिळून किती पिल्लं काढणं बरोबर?

म्हणून माझं उत्तर, बंद करू नका, कमी करा. मी गेल्या वर्षी दोनच क्लच (एका मादीची एका वेळची अंडी) घेतले. भाव पाडला नाही. पण माझ्याकडचं पिल्लू किमान आठ वेळा फ्रोझन-थॉ (गोठवून वितळवलेले उंदीर) खाऊन जातं आणि वजनाची वही सोबत जाते. पेस्टल तीसला मिळतं तिथे मी साधं नॉर्मल नव्वदला देतो आणि जातं, कारण घेणाऱ्याला माहीत असतं की हे खाणारं पिल्लू आहे आणि काका रात्री दहाला फोन उचलतात.

ठाण्याची_कोलंबसमध्ये

मी ब्रीडर वगैरे नाही, मुलासाठी साप घेतलेली आई आहे, तर दुसऱ्या बाजूने सांगते चालेल ना.

मुलगा तेरा वर्षांचा, दोन वर्षं मागे लागला होता, शेवटी आम्ही एका शोला गेलो. दादा खरं सांगू का, तिथे आम्हाला कोणी विचारलंच नाही की घरी कोण आहे, जागा किती आहे, आधी काही पाळलंय का. प्रत्येक डब्यावर चार-चार शब्दांची नावं, पेस्टल अमुक हेट तमुक ६६ टक्के, मी विचारलं हेट म्हणजे काय तर म्हणाले रिसेसिव्ह जीन, पुढे ब्रीड केलंत तर पैसे वसूल होतील. अहो मला ब्रीड करायचंच नाहीये, मला माझ्या मुलाला एक प्राणी द्यायचाय जो तो कॉलेजला जाईपर्यंत नीट सांभाळेल. तीन टेबलांवर हेच झालं आणि आम्ही डोनट खाऊन परत आलो.

मग दोन महिन्यांनी एका लायब्ररीत सापांचा कार्यक्रम होता तिथे एक निवृत्त शाळामास्तर भेटले, त्यांच्याकडे कॉर्न स्नेक होते. त्यांनी तासभर मुलाशी बोलून मग सांगितलं की आत्ता साप देणार नाही, आधी टँक लाव, गरम बाजूला ८५ आणि थंड बाजूला ७५ फॅरनहाइट आठवडाभर स्थिर ठेवून मला फोटो पाठव, थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावायची नाही. मुलाने वहीत रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलं, शाळेचा अभ्यास इतक्या नीट कधी केला नव्हता. मग मिळालं पिल्लू, ६० डॉलर, आज तीन वर्षांची आहे, नाव केशर.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच टेबलावर कोणी बोलत नाही. आमच्याकडे सासूबाई सहा-सहा महिने येऊन राहतात, शुद्ध शाकाहारी, आणि फ्रीजरमध्ये उंदीर! माझी झोप उडाली होती. मास्तरांनीच सुचवलं की गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर घ्या, उंदीर वितळवायचा डबा आणि चिमटा वेगळे, स्वयंपाकघराशी संबंधच नको, आणि मोठ्या कॉर्नला दहा-बारा दिवसांतून एकदाच द्यायचंय. त्याने सगळं सुटलं. सासूबाई आता नागपंचमीला केशरच्या टँकला बाहेरून हळदकुंकू लावतात, दूध मात्र पाजायचं नाही असं नातवाने बजावलंय. आपल्या लोकांना साप विकायचा असेल तर ही अडचण आधी सोडवून द्या, मॉर्फ नंतर सांगा.

कात्रजकर

मी पुण्यात सर्पमित्र म्हणून १४ वर्षं काम करतोय, मत मागितलंत म्हणून लिहितो, कोणाचा अवमान करायचा नाहीये.

सगळ्यात आधी इथले वाचणारे जे भारतात आहेत त्यांच्यासाठी. आपल्याकडचा कुठलाही साप पाळायचा नाही. धामण असो, तस्कर साप असो, मांडूळ असो, बिनविषारी आहे म्हणून चालतं असं काही नसतं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप साइटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या यादीत आहेत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी, पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. इन्स्टाग्रामवर जो पोरगा 'कागद नंतर देतो' म्हणतो त्याच्याकडे कागद नसतात.

डिसेंबर २०२३ ला मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या माणसाच्या बॅगेत बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. ही एकच वेळ नाही, असं वारंवार होतंय. म्हणजे तिकडे ३० डॉलरला पडून असलेला साप इथे मोज्यात गुंडाळून येतोय. तुम्ही तिकडे छंद परत उभा करा म्हणता तेव्हा मला त्या पाकिटातले साप दिसतात. मांडुळाचं तर विचारूच नका, पैशाचा पाऊस पाडतो म्हणून लाखोंच्या गप्पा मारत त्या गरीब सापाला पोत्यातून फिरवतात, आम्ही सोडवतो तेव्हा अर्धमेला असतो.

एक प्रश्न मात्र मनापासून. तुम्ही घरात ब्रीड करता म्हणून आफ्रिकेतून पकडून आणणं थांबलंय का?

हॅम्बर्गवाले_काका

कात्रजकर, चांगला प्रश्न आणि उत्तर आहे नाही, थांबलेलं नाही. टोगो आणि बेनिनमध्ये गाभण माद्या जंगलातून, शेतातल्या बिळांतून पकडतात, अंडी घालून घेतात, पिल्लं परदेशी जातात, माद्या सोडतात असं म्हणतात. त्याला रँचिंग नाव आहे. आणि त्याच बेनिनमध्ये विदा गावात अजगरांचं मंदिर आहे, तिथे हेच बॉल पायथन मोकळे असतात, रात्री गावात फिरून येतात, घरात आले तर लोक मानाने परत नेऊन ठेवतात. आपल्याला हे कळायला वेळ लागू नये.

म्हणून मी आयात केलेलं जनावर घेत नाही आणि विकत नाही, आणि गिऱ्हाइकाला सांगतो का ते. इथे घरात जन्मलेली इतकी पिल्लं पडून असताना जंगलातली मादी आणायचं कारणच राहिलेलं नाही. हे जर सगळ्यांनी शोच्या दारात लिहून लावलं तर बाहेरचा माणूस आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

कायद्याचं इथेही आहे बरं. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मीज अजगर झाले आणि २०१२ ला बर्मीजसकट चार जाती, २०१५ ला रेटिक्युलेटेडसकट आणखी चार, लेसी ॲक्ट या अमेरिकेच्या वन्यजीव कायद्याच्या बंदीखाली गेल्या. २०१७ ला कोर्टाने राज्याराज्यांतली ने-आण त्या कायद्यात येत नाही असं सांगितलं तोवर कित्येकांनी मोठे साप देऊन टाकले होते. फ्लोरिडाने २०२१ ला स्वतःचा नियम आणखी कडक केला. कोणीतरी कंटाळून साप दलदलीत सोडला त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. म्हणून मी प्रत्येकाला लिहून देतो, नको झाला तर मला परत आणा, प्रश्न विचारणार नाही.

व्हेटटेक_ह्यूस्टन

मी एक्झॉटिक क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे. सगळे भाव आणि गिऱ्हाईक बोलतायत, मी आजाराचं बोलते कारण माझ्या टेबलावर जे येतं ते बघून नवीन माणूस छंद सोडतो, भाव बघून नाही.

नायडोव्हायरस, म्हणजे सापांच्या श्वसनाचा विषाणू. बॉल पायथनमध्ये सगळीकडे झालाय. तोंडात चिकट लाळ, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून बसतो. काही साप महिनोन्महिने ठणठणीत दिसतात आणि बाकीच्यांना देतात. तोंडाचा स्वॉब घेऊन पीसीआर होते. शोमधून आणलेला साप त्याच दिवशी बाकीच्यांच्या रॅकमध्ये ठेवणं म्हणजे सगळ्यांचा जीव टांगणीला. ९० दिवस वेगळी खोली, वेगळा चिमटा, आणि बाकीच्या सापांचं झाल्यावर सगळ्यात शेवटी त्याला हात लावायचा. टिनलीकर तुम्ही शोमधून परत आणलेली १६ पिल्लं कुठे ठेवलीत ते आधी सांगा, खरंच विचारतेय.

दुसरं, स्पायडर मॉर्फ. डोकं हलतं, उलटं होतं, उंदरावर झडप घालताना चुकतं. आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते आणि ती त्या जीनसोबतच येते, ब्रीडिंगने जाणार नाही. 'थोडासा वॉबल आहे, खातो व्यवस्थित' म्हणून विकतात. एका मुलीने तिच्या वाढदिवसाला घेतलेला असा साप आणला होता, तिला वाटलं तिच्याच हातून काहीतरी झालं. हे विकणं बंद करा एवढंच म्हणेन.

आणि रॅक. पिल्लांना सुरुवातीला छोटा टब ठीक आहे, घाबरट असतात, मोकळ्यात ठेवलं तर खात नाहीत हे मलाही माहितीये. पण चार फुटी साप आयुष्यभर ड्रॉवरमध्ये, आणि आपण म्हणतो बॉल पायथन कुठे जातच नाही. माझ्याकडे ४ फूट लांब २ फूट रुंद एन्क्लोजर आहे, आत जाड फांदी आहे, माझा नर रोज रात्री त्या फांदीवर असतो. नवीन पिढीला हे बघायचंय. ड्रॉवरमधला साप बघून कोणाला छंद लागणार?

टिनलीकर

सगळ्यांचे आभार, दोन दिवस वाचतोय आणि उत्तर द्यायला उशीर झाला कारण वाचून आधी खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसलो.

व्हेटटेक ताई, १६ पिल्लं शोनंतर वेगळ्या खोलीत होती पण ९० दिवस नाही, सहा आठवडे. चूक आहे. पुढच्या आठवड्यात सगळ्या मोठ्या सापांचे स्वॉब पाठवतोय, खर्च होईल पण निकाल लेखी हातात असेल तर तो मी पिल्लासोबत देऊ शकतो. स्पायडर माझ्याकडे नाहीत, २०१७ ला एक होता तेव्हापासून नाही. रॅकबद्दल मात्र पूर्ण पटलं नाही, अंडी घालणाऱ्या माद्यांना टबमध्ये तापमान आणि आर्द्रता सांभाळणं सोपं जातं, पण माझे तीन नर जे ब्रीडिंगला वापरत नाही त्यांना मोठं घर द्यायला काहीच अडचण नव्हती, फक्त मी कधी केलं नाही. एक तयार झालंय, काल रात्री नर फांदीवर होता.

काका, इमूचं उदाहरण डोक्यातून जात नाहीये. माझ्या डब्यांवरची चिठ्ठी काढून बघितली, सगळ्यात मोठ्या अक्षरात मॉर्फ, मग भाव, मग लहान अक्षरात किती वेळा खाल्लं. म्हणजे चिठ्ठी मी दुसऱ्या ब्रीडरसाठीच लिहीत होतो की. यंदा बॉलचे दोनच क्लच घेणार, कॉर्नचा एक. कॉर्न वाढवावे असं खरं तर वाटतंय, पहिल्या सापाला कॉर्नसारखा साप नाही, १९६१ ला बर्नार्ड बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने अल्बिनो कॉर्न घरात ब्रीड केला तेव्हापासून हा हौशी माणसाचाच साप आहे, खायला नाटकं करत नाही, बॉल थंडीत तीन-तीन महिने तोंड फिरवतो आणि नवीन पाळणाऱ्याचा धीर सुटतो.

कात्रजकर, तुमच्या लिहिण्याने त्रास झाला आणि व्हायलाच हवा होता. गेल्या वर्षी मला बंगलोरहून एकाने मेसेज केला होता की बारा पिल्लं घेतो, तुम्ही फक्त थायलंडपर्यंत पोचवा. तेव्हा मी नाही म्हटलं ते फक्त झंझट नको म्हणून. आता कारण माहिती आहे.

ताई, केशरच्या मास्तरांची ती आधी टँक लावून फोटो पाठवायची अट मी उचलतोय. पण मला भीती आहे की शोमध्ये आलेला माणूस आठवडाभर थांबणार नाही, शेजारच्या टेबलावरून घेऊन जाईल.

ठाण्याची_कोलंबसमध्ये

जाऊ दे ना मग तो. जो थांबणार नाही त्याच्याकडे तुमचं पिल्लू जावं असं तुम्हाला तरी वाटतं का? आम्ही थांबलो होतो. आणि माझ्या मुलामुळे त्याच्या वर्गातली दोन मुलं मास्तरांकडे गेली, एकाने घेतला, दुसऱ्याची आई अजून विचार करतेय, मी तिला गॅरेजमधला फ्रीजर दाखवून आणलाय.

हॅम्बर्गवाले_काका

टिनलीकर, शोमध्ये विकायचंच कशाला. टेबलावर एकच मोठी शांत मादी ठेवा, एक नीट सजवलेला टँक ठेवा, आणि वही. नाव-नंबर लिहून घ्या, घरी टँक लागला की तुम्ही जाऊन पिल्लू द्या, शिकागोच्या आसपासच राहणारे असतात बहुतेक. लांबचे असतील तर फेडेक्सने रात्रीतून जातं, पोस्टाने साप चालत नाही हे माहिती असेलच, थंडी कडाक्याची असेल तर पाठवूच नका, फेब्रुवारीत पैसे घेतले तरी एप्रिलला पाठवा. मी दोन वर्षं असं करतोय, टेबलावरची विक्री शून्य, वहीतून गेल्या वर्षी ११ पैकी ११ गेली.

कात्रजकर

काकांची वहीची पद्धत चांगली आहे. टिनलीकर, मराठी शाळेत परत जाल तेव्हा मुलांना आपल्याकडचे चार विषारी पण शिकवा, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ती मुलं सुट्टीत साताऱ्याला, कोकणात आजोळी येतात आणि कॉर्न हातात घेतलेलं मूल पडवीतल्या फुरशाला पण हात लावायला जाईल. फोटोंचे प्रिंट हवे असतील तर मी पाठवतो, घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस शेजारी शेजारी ठेवलेला एक आहे, मोठी माणसंसुद्धा त्यात चुकतात.

टिनलीकर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाठवा नक्की, मोठ्या साइझमध्ये. शाळा पुढच्या महिन्यात सुरू होतेय, पहिल्याच रविवारी वेळ मागून घेतो. त्या आजी असतील तर त्यांच्यासाठी मादीने काल टाकलेली नवीन कात ठेवलीये, डोळ्यांच्या खवल्यांसकट अख्खी आलीये.